वाट पाहणाऱ्याला पुन्हा नवशिका करा

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले होते, दहा दिवसांचा गणपती असलेल्या घरांत आरतीची गडबड होती, आणि नेमका त्याच वेळी 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' हा व्हिडिओ गेम विक्रीला आला. स्टीमचं ऑनलाइन दुकान कोलमडलं. निन्टेन्डो, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स यांच्या दुकानांचीही तीच गत. गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभं आणि गल्ला उघडत नाही, असा प्रकार. बरं, माल काय? ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात टीम चेरी नावाच्या मूठभर माणसांनी बनवलेला, हाताने चितारलेल्या किड्यामुंग्यांचा, वीस डॉलरचा एक गेम.

या गेमची वाट लोकांनी किती पाहिली हा एव्हाना एक स्वतंत्र विनोद झाला आहे. २०१४ साली पहिल्या 'हॉलो नाइट'साठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे गोळा होत होते. मागितले होते ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, जमले ५७ हजारांच्या वर. जास्त पैसे जमले तर हॉर्नेट नावाचं पात्रही खेळायला देऊ, असं त्या वेळी कबूल केलेलं. पहिला गेम २०१७ मध्ये आला. कबूल केलेलं पात्र वाढत वाढत एक अख्खा वेगळा गेम झालं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याची घोषणा झाली. २०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमात तो झळकला, तेव्हा सगळ्यांची समजूत झाली की वर्षभरात हातात पडेल. २०२३ च्या मे महिन्यात कळलं की नाही पडणार. एक यूट्यूब चॅनल तर रोज नेमाने व्हिडिओ टाकून सांगायचं की आज काही बातमी नाही.

एवढी वाट पाहायला लावल्यावर कोणता गेम पुरा पडेल? नेहमीचं उत्तर असं की तो आधीपेक्षा मोठा हवा, देखणा हवा आणि पहिल्यात जे आवडलं ते सगळं त्यात हवं. म्हणजे थकलेलं देणं व्याजासकट चुकतं करायचं. मला हे उत्तर पटत नाही. लढत-शोधत पुढे जायच्या गेमच्या बाबतीत तर मुळीच पटत नाही.

या जातीच्या गेममध्ये एकच मोठा, गुंतागुंतीचा नकाशा असतो. दार दिसतं पण उघडत नाही. कडा दिसतो पण उडी तिथवर पोचत नाही. मग कुठेतरी दूर एखादी नवी ताकद हाती लागते आणि डोक्यात उजेड पडतो की अरे, ते मघाचं दार! या खेळात खरी गोडी न कळण्याची असते. आणि वर्षानुवर्षं वाट पाहणारा माणूस नेमका तिथेच अडचणीचा ठरतो, कारण त्याला फार कळतं. पहिला गेम त्याने कोळून प्यायलेला असतो. कोणत्या भिंतीमागे पोकळी असणार हे त्याला भिंतीच्या रंगावरून समजतं. अंगठे आपोआप चालतात. अशा माणसाला जुनंच ताट वाढलं तर तो पोटभर जेवेल, पण पहिल्या वेळची भूक काही परत येणार नाही. तेव्हा सिक्वेलचं पहिलं काम त्या माणसाला पुन्हा नवशिका करणं हे आहे. तेही त्याने कमावलेली जाण फुकट न घालवता, आणि कठीण आहे ते हेच.

सिल्कसाँगने हे कसं केलं ते एका चालीत दिसतं. पहिल्या गेममध्ये उडी मारून खाली बटण दाबून वार केला की शस्त्र सरळ खाली जायचं, आणि खालच्या किड्यावर किंवा काट्यावर आपटून खेळाडू पुन्हा वर उसळायचा. खेळणारे याला पोगो म्हणतात. पहिला गेम खेळलेल्यांच्या अंगठ्यात हा पोगो इतका मुरलेला होता की त्याचा विचारही करावा लागत नसे. हॉर्नेट तसं करत नाही. ती तिरकी झेपावते. 'हंटर्स मार्च' नावाच्या भागात काट्यांच्या खाईवर फुगीर कळ्या लोंबत असतात. त्यांच्यावरून उसळत पलीकडे जायचं असतं. जुना खेळाडू सवयीने कळीच्या बरोबर डोक्यावर जातो, बटण दाबतो, आणि हॉर्नेट कळीला वळसा घालून सूऽऽ करत थेट काट्यात. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मग हळूहळू लक्षात येतं की आता उंचीबरोबर आडवं अंतरही मोजायचं आहे, कळीच्या वर न जाता तिच्या अलीकडे थांबून झेप टाकायची आहे. हे एकदा साधलं की अख्खी पडदाभर जागा तिरकी दिसू लागते. शत्रूकडे बघायची नजरसुद्धा बदलते.

गंमत पुढे आहे. सरळ खाली वार करायची जुनी पद्धत गेममध्ये आहे. एक विशिष्ट क्रेस्ट, म्हणजे लढण्याची ढब बदलणारं चिन्ह, मिळवलं की ती परत मिळते. कित्येकांनी ते चढवून सुटकेचा निःश्वास टाकला. पण बहुतेकांना ते मिळेपर्यंत तिरकी चाल अंगवळणी पडलेली असते. मला ही मांडणी फार हुशारीची वाटते. जुनं टाकून दिलेलं नाही, फक्त त्याचा क्रम मागे नेला आहे.

त्याच हंटर्स मार्चमधलं बाकडं तर मी कधी विसरणार नाही. या गेममध्ये बाकडं म्हणजे विसावा. तिथे बसायचं, जखमा भरायच्या, प्रगती नोंदली जाते. पहिल्या गेमने शिकवलेली सगळ्यांत पक्की गोष्ट कोणती, तर बाकडं दिसलं की सुटलो. इथे तुम्ही बसता आणि खटका पडून सापळा अंगावर येतो. तो निकामी करायची कळ जवळच लपवलेली असते, ती शोधायची. पहिला गेम न खेळलेल्या माणसाला हा निव्वळ एक सापळा. ज्याने सहा वर्षं वाट पाहिली त्याला मात्र ही थट्टा वैयक्तिक वाटते, कारण ती त्याच्याच भरवशावर रचलेली आहे. पडद्यावरचं दृश्य एकच आणि दोघांना ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. चांगला सिक्वेल ओळखायची माझ्यापुरती कसोटी हीच.

याच कसोटीवर 'मेट्रॉइड ड्रेड'ही उतरतो. १९८६ च्या मूळ 'मेट्रॉइड'मध्ये सुरुवातीलाच उजवीकडे न जाता डावीकडे जायचं असतं. तिथे चार पावलांवर एक वस्तू मिळते, जिने नायिका सेमस अंगाचा गोळा करून अरुंद बोगद्यांतून घरंगळत जाऊ शकते. उजवीकडे धावायची सवय असलेल्या त्या काळच्या खेळाडूंना हा पहिला धडा होता, आणि पुढे ती गोळा होण्याची किमया या मालिकेची ओळखच बनली. २००२ च्या 'मेट्रॉइड फ्यूजन'नंतर बाजूने दिसणाऱ्या मेट्रॉइडची पुढची कथा यायला १९ वर्षं लागली. ड्रेडची कल्पना मधेच निन्टेन्डो डीएससाठी हाती घेऊन सोडूनही दिली होती. शेवटी स्पेनच्या मर्क्युरीस्टीमने निन्टेन्डोबरोबर तो केला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तो आला. त्यात सेमस सुरुवातीपासून घसरत खालून जाऊ शकते, पण गोळा व्हायची ताकद तिला बराच वेळ मिळतच नाही. अरुंद बोगदे समोर दिसत राहतात आणि आपण चडफडत पुढे जातो. ज्याला मालिका पाठ आहे त्यालाच ही उणीव सर्वांत जास्त बोचते. नव्या माणसाला तिचा पत्ताही नसतो.

वर आणखी एम्मी नावाचे ते चार पायांवर सरपटत भिंती चढणारे यंत्रमानव. त्यांच्या हद्दीत शिरलं की नेहमीच्या बंदुकीचा उपयोग शून्य. ३५ वर्षं परग्रहांवर शिकार करत फिरलेली सेमस इथे लपत, श्वास रोखून पळते. खेळणाऱ्याचीही तीच अवस्था.

उलट वाटेनेही हे साधता येतं. 'टिअर्स ऑफ द किंगडम' (२०२३) हा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चा सिक्वेल. त्याने मुलूख तोच ठेवला, आकाशात बेटं टांगली, जमिनीखाली अंधारी दुनिया खणली, आणि नायक लिंकचे जुने मंत्र काढून घेऊन वस्तू एकमेकींना चिकटवायची कला दिली. ओळखीच्या टेकडीकडे माणूस चढण म्हणून बघायचा, तो आता तिथे कोणती गाडी नेता येईल असं बघू लागला. जमिनीवरच्या काही कोपऱ्यांत तरीही शिळेपण जाणवतं हे मान्य.

आता फसलेलं उदाहरण. 'मेट्रॉइड प्राइम ४' ची घोषणा २०१७ ची. जानेवारी २०१९ मध्ये निन्टेन्डोने जाहीर सांगितलं की झालेलं काम बाजूला ठेवून टेक्सासच्या रेट्रो स्टुडिओकडे सगळं नव्याने सोपवत आहोत. तसं कबूल करायला धारिष्ट्य लागतं. गेम आला डिसेंबर २०२५ मध्ये. दिसायला सुंदर, बॉसच्या, म्हणजे बड्या शत्रूंच्या, लढती जोरकस. पण सोबतीला एक बडबड्या तंत्रज्ञ दिला आहे, जो कुठे जायचं, काय बघायचं ते कानात सांगतो. मधे एक भलंमोठं वाळवंट, ज्यातून मोटरसायकल दामटत हिरवे स्फटिक गोळा करायचे. एकाकीपणावर उभ्या राहिलेल्या मालिकेत हा वाटाड्या कशाला आणला असेल? नव्या खेळाडूची भीती वाटली असणार. तो वाट चुकेल, कंटाळेल, बंद करेल. मला वाटतं इथेच घात झाला. जुन्याला त्यातून काही नवं मिळालं नाही आणि नव्याच्या हातून वाट चुकायची संधी काढून घेतली गेली.

दुसऱ्या टोकाची चूकही नोंदवायला हवी. 'शेनम्यू ३' हा शोधत जायच्या या जातीचा नव्हे, पण वाट पाहायला लावण्यात त्याचा हात धरणारा विरळाच. दुसरा भाग २००१ चा, तिसरा २०१९ चा. मधल्या १८ वर्षांत काही घडलंच नाही अशा थाटात तो आला. तो करण्यासाठी ज्यांनी वर्गणी दिली त्यांतल्या पुष्कळांना तेच हवं होतं आणि तेच मिळालं. बाकीच्यांना तो जुन्या घराच्या बंद खोलीसारखा वाटला.

टीम चेरीने आणखी एक गोष्ट केली, जिचं मोल मला उशिरा कळलं. समीक्षकांना आगाऊ प्रती दिल्या नाहीत. पत्रकार नाराज झाले, आणि त्यांचं चुकलंही नाही. गिऱ्हाइकाला घेण्याआधी मत वाचायला मिळायला हवं. पण वीस डॉलरच्या गेममध्ये तो धोका मी पत्करीन, कारण त्यामुळे पहिल्या आठवड्यात कुणालाच काही माहीत नव्हतं. अमुक बॉस टाळता येतो का, तमुक दार कशाने उघडतं, याची उत्तरं देणारा कुणी शहाणा कुठेच नव्हता. जगभरचे लोक एकाच अंधारात चाचपडत होते.

इथे कुणी म्हणेल, नवशिका करा हे ठीक, पण या गेमने तर लोकांना झोडपून काढलं. आक्षेप रास्त आहे आणि त्याला उडवून लावणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सुरुवातीला हॉर्नेटकडे पाच मुखवटे, म्हणजे पाच जीवबिंदू. बरेच बॉस आणि काही साधे शत्रूसुद्धा एका फटक्यात दोन उडवतात. म्हणजे तिसऱ्या फटक्याला खेळ खलास. आता नकाशाच्या कानाकोपऱ्यांत फिरून मुखवट्याचे चार तुकडे गोळा केले की सहावा मुखवटा मिळतो. दोन-दोनच्या हिशेबाने सहा मुखवटे किती फटके टिकतात? तिसऱ्यालाच संपतात. चार तुकड्यांसाठी केलेल्या वणवणीचं त्या बॉससमोरचं फळ शून्य. शोधाशोधीवर जगणाऱ्या गेमने शोधाशोधीचं पहिलं मोठं बक्षीसच असं पोकळ करावं हे मला पटलेलं नाही. खेळाडूला अडाणी करणं वेगळं आणि त्याच्या खिशातलं काढून घेणं वेगळं.

शेल शार्डचं, म्हणजे गोळा करायच्या कवचाच्या तुकड्यांचंही तसंच. फेकायच्या सुऱ्या, सापळे वगैरे हत्यारं बाकड्यावर बसलं की पुन्हा भरतात, पण त्यासाठी शार्ड खर्ची पडतात. एखाद्या अवघड बॉसशी पाच-सहा वेळा हरलात की साठा संपतो, मग मागे जाऊन बारके किडे मारत शार्ड गोळा करत बसा. यात शिकण्यासारखं काही नाही. 'लास्ट जज' नावाच्या बॉसपर्यंत पोचायला दर खेपेला करावी लागणारी ती लांबलचक कसरत पहिल्यांदा थरारक असते, नंतर नुसता हेलपाटा. उलट तिरका पोगो शिकताना झालेला प्रत्येक मृत्यू काहीतरी सांगून जातो. दोन्हीकडे मरणाचा आकडा सारखाच असेल, पण कामाचा एकच.

गेम आल्यावर लगेचच आलेल्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीत, मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर या सुरुवातीच्या दोन बॉसना थोडं सौम्य केलं गेलं, मधल्या टप्प्यातल्या, पैसे मोजून वापरायच्या बाकड्यांचे दर उतरवले गेले. 'आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा' म्हणणारी मंडळी लगेच खवळली. प्रत्येक छंदात अशी माणसं असतात. सासूचा जाच सुनेने पुढे चालवावा तसला हा न्याय.

बाकड्यांचे दर मात्र मला मुळात खटकले नव्हते. फारलूम हे राज्य एका यात्रेच्या वाटेवर वसलेलं आहे. किडे वर डोंगरमाथ्यावरच्या गढीकडे, सिटाडेलकडे, यात्रेला निघाले आहेत आणि वाटेतच मरून पडले आहेत. चलन म्हणून जपमाळेचे मणी वापरतात. ते यात्रेकरूंकडून मिळतात, जंगली जनावरांकडे नसतात. काही ठिकाणी घटकाभर टेकायलाही मणी मोजावे लागतात. दिंडीत चालणाऱ्याला वाटेवरची गावं बोलावून जेवू घालतात हे बघत मोठा झालेल्या माणसाला ही यात्रा जास्तच भेसूर वाटते. यात्रेकरूंत शेर्मा नावाचा एक लहानगा आहे. छोटी घंटी वाजवत गातो, टाळ कुटत चाललेल्या पोरासारखा. बंद फाटकासमोर तो भक्तिभावाने गात बसतो. फाटक उघडते हॉर्नेट, पण त्याला वाटतं आपलं गाणं फळलं. त्याला खरं सांगावं असं कुणालाही वाटत नाही. इथे पैशांची चणचण कथेचाच भाग होते. शार्डच्या चणचणीला तसा काही अर्थ नाही, ती निव्वळ चणचण आहे.

आकाराबद्दल थोडक्यात. सिल्कसाँग अवाढव्य आहे. करताना मजा येत होती म्हणून करत गेलो, असं त्याच्या कर्त्यांनी सांगितलं आहे. मजा दिसते. पण गावागावांतल्या फळ्यांवर लावलेल्या 'इच्छा', म्हणजे अमुक इतके तुकडे आणून द्या किंवा हे सामान तिकडे पोचवा छापाची कामं, निम्मी काढून टाकली असती तरी गेमचं काही बिघडलं नसतं. दडलेल्या तिसऱ्या अंकाकडे जाणारी वाटही या कामांतून जाते, त्यामुळे ती टाळूनही चालत नाही. पाहिलेल्या वाटेची भरपाई तासांत मोजायची असते या समजुतीला टीम चेरीसुद्धा थोडी बळी पडली असं मला वाटतं.

न कळण्याचे प्रकारही दोन असतात. गेम आल्यावर चिनी खेळाडूंनी स्टीमवर नापसंतीचा पाऊस पाडला, कारण चिनी भाषांतर उगाच जुनाट वळणाचं आणि बोजड झालं होतं. दार का उघडत नाही हे न कळण्यात मजा आहे. समोरचा काय बोलतोय हेच न कळण्यात कसली आली मजा? मराठी, हिंदी तर यादीतच नाहीत, त्यामुळे आपल्याला तक्रार करायचीही सोय नाही. आपण मुकाट इंग्रजीत खेळतो.

आणि ज्यांचे हात मंद आहेत त्यांचं काय? ड्रेडमध्ये फेब्रुवारी २०२२ च्या अपडेटने 'रूकी मोड' नावाचा सोपा पर्याय आला. त्याने ड्रेडचं काय वाकडं झालं? गोळा व्हायची ताकद तेव्हाही उशिराच मिळते, एम्मी तेव्हाही मागे लागतात. नवशिकेपण जसंच्या तसं राहिलं, फक्त फटके कमी बसले. सिल्कसाँगमध्ये असा पर्याय नाही. पीसीवाल्यांनी लगोलग दोनाचा फटका एकावर आणणारे मॉड, म्हणजे गेममधले घरगुती फेरफार, बनवले, कन्सोलवाले बसले हात चोळत. दिवसभराची नोकरी उरकून, पोरं झोपल्यावर तासभर कंट्रोलर हातात घेणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला आडवाटा शोधायच्या असतात. त्याच्या अंगठ्यांचा वेग ही त्या शोधाची प्रवेश परीक्षा असू नये.

सिल्कसाँगची 'सी ऑफ सॉरो' नावाची समुद्री पुरवणी २०२६ मध्ये येणार असल्याचं जाहीर झालं आहे, तीही फुकट. माझं मागणं छोटंसं आहे. हत्यारं भरायला शार्ड घेणं बंद करा आणि दोनचा फटका ऐच्छिक ठेवा. सापळ्यांची बाकडी मात्र खुशाल वाढवा, आणि पोहायला लावणार असाल तर तेही तिरकंच असू द्या.